ऑपरेशन केलं कोणी?

गेल्या बकरी ईदला माझी भाची चार दिवसांची सुट्टी घेऊन वरवट बकालला आली. ती एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमएस जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाजीला वाटलं होतं, पोरगी आल्या आल्या झोपेल आणि ईदच्या नमाजच्या वेळीच उठेल. पण तिने बॅगेतून कपड्यांच्या आधी एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि त्यासोबत रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे, केसपेपरचे कोरे तुकडे, हातमोज्यांच्या पाकिटाची मागची बाजू, जे हाताला लागलं त्यावर घाईत काहीतरी खरडलेलं होतं.

"मामू, तुम्ही एवढ्या वह्या तपासता. माझं अक्षर तुम्हालाच लागेल. तुम्ही वाचा, मी लिहिते."

ते रजिस्टर म्हणजे लॉगबुक. सर्जरी शिकणाऱ्या प्रत्येक रेसिडेंट डॉक्टरने तीन वर्षांत काय काय पाहिलं, कशात मदत केली आणि स्वतःच्या हाताने काय केलं, याची नोंदवही. तारीख, पेशंटचा नोंदणी क्रमांक, वय, आजार, ऑपरेशनचं नाव आणि शेवटी एक छोटा रकाना. त्या रकान्यात इंग्रजी एक-दोन अक्षरं लिहायची असतात. फक्त पाहिलं असेल तर वेगळं अक्षर, मदत केली असेल तर वेगळं, सिनियरच्या देखरेखीखाली स्वतः केलं असेल तर वेगळं, आणि स्वतंत्रपणे केलं असेल तर वेगळं. शेवटी गाईडची सही. कॉम्प्युटरवर वेगळं भरावं लागतंच, पण तिच्या विभागात ही कागदी वहीसुद्धा लागते.

मी चिठ्ठ्या वाचत गेलो. हर्निया, हायड्रोसील, गळू, अपेंडिक्स, मधुमेहाने सडलेल्या पायाचं बोट. ती भराभर लिहीत होती. मग एका चिठ्ठीपाशी तिचा पेन थांबला. पित्ताशयाचं मोठं ऑपरेशन, साडेतीन तास. त्या साडेतीन तासांत तिने रिट्रॅक्टर धरून ठेवला होता, म्हणजे पोटाच्या कडा ओढून धरणारं हत्यार. आत काय चाललंय ते समोर उभ्या असलेल्या सिनियरच्या खांद्यामुळे तिला नीट दिसलंही नव्हतं.

"मामू, इथे काय लिहू? मदत केली लिहू, की पाहिलं लिहू? खरं सांगायचं तर पाहिलंही नाही."

आणि त्याच गठ्ठ्यात पुढे एक अपेंडिक्स निघालं. रात्री दोन वाजताचं. सुरुवातीपासून टाके घालेपर्यंत तिनेच केलेलं, सिनियर बाजूला हात बांधून उभा. पण थिएटरच्या रजिस्टरमध्ये सर्जन म्हणून नाव युनिटच्या प्रमुखांचं, कारण पद्धत तशी आहे. तिथे तिचं नाव सहाय्यकांमध्ये तिसरं.

एकाच माणसाच्या दोन नोंदी. एकीत तिचा हात आहे त्यापेक्षा मोठा दिसणार, दुसरीत होता त्यापेक्षा लहान. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, सर्जरीतलं मला काही कळत नाही. पण इतिहास वाचायची सवय आहे, आणि 'हे केलं कोणी' हा रकाना ऐकला की मला पुण्यातलं एक ऑपरेशन आठवतं. मराठी मुलखात झालेल्या ऑपरेशनांपैकी जगभर सर्वात जास्त सांगितलं गेलेलं बहुधा तेच असेल.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र येऊन टिपू सुलतानाशी लढले. त्या लढाईत इंग्रजांच्या फौजेचे बैल हाकणारा एक माणूस होता. इंग्रजी कागदात त्याचं नाव कावसजी असं आहे. नाव पारशी वाटतं, पण तोच कागद सांगतो की तो शेतकरी जातीचा मराठा होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आलं. पुढे तो कंपनीचा पेन्शनर झाला आणि वर्षभराहून जास्त काळ नाकाशिवाय जगला.

इथे क्षणभर थांबतो, कारण टिपूचं नाव आलं की आपल्याकडे वाचणारे लगेच दोन गटांत विभागतात. ही हकीकत टिपूच्या शत्रूंनी लिहिलेली आहे, हे लक्षात ठेवायला हवं. नाक कापण्याची शिक्षा त्या काळी अनेक दरबारांत चालायची, हेही खरं. पण बैल हाकणाऱ्या एका गरीब माणसाचं नाक गेलं होतं, आणि ते कापणारे आपल्याला प्रिय असलेल्या राजाचे लोक होते, हे लपवून मला पुढे जाता येणार नाही. नोंदीबद्दल लिहायचं आणि नकोशी नोंद झाकायची, हे जमणार नाही.

तर या कावसजीला पुण्याजवळच्या एका माणसाने नवं नाक बसवून दिलं. साधारण १७९३ च्या सुमाराची ही गोष्ट. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, तिथे उभे राहून ते पाहत होते. आज माझ्या भाचीच्या वहीत त्यांना 'फक्त पाहिलं' हेच अक्षर मिळालं असतं! जानेवारी १७९४ मध्ये जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. वेल्स तेव्हा पुण्यात होता, कंपनीचा पेशवे दरबारातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने. (हा 'रेसिडेंट' वेगळा आणि आमचा वेगळा. तो दरबारात मुक्कामी असायचा, हे बिचारे वॉर्डात मुक्कामी असतात.) मग ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकात चित्रासह एक पत्र छापून आलं. खाली नाव नाही, फक्त 'बी. एल.' अशी दोन अक्षरं.

त्या पत्रातलं ऑपरेशनचं वर्णन इतकं नेमकं आहे की आजचा परीक्षकही खूश होईल. आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या थोटकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग ते मेण चपटं करून कपाळावर ठेवायचं आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी कपाळावरून सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त वाहत राहील आणि कातडी जिवंत राहील. नाकाच्या थोटकावरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, कडेने चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. सांधा पक्का राहावा म्हणून पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. हाच आपला पानात खायचा कात. चार दिवस दुसरं काही लावायचं नाही. मग तुपात बुडवलेलं कापड. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यात मऊ कापडाचे बोळे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली ती जोडपट्टी कापायची.

सुश्रुतसंहितेतही नाक बनवण्याची कृती आहे. पण तिथे पानाच्या मापाने गालाची कातडी घ्यायला सांगितलं आहे. पुण्याच्या माणसाने कपाळाची घेतली. म्हणजे हा हुन्नर पोथी उघडून केलेला दिसत नाही, तो हातातून हातात आलेला होता. उस्तादाने करायचं, शागिर्दाने पाहायचं, मग एके दिवशी शागिर्दाने करायचं. त्या शागिर्दीची वही कुठे असणार! पत्रलेखकही सांगतो की हिंदुस्थानात हे काम फार जुन्या काळापासून चालत आलेलं आहे.

हे पत्र लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनच्या मनात वीस वर्षं घोळत राहिलं. त्याने आधी मृतदेहांवर हात बसवला, आणि ऑक्टोबर १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या कातडीने नाक तयार करण्याचं ऑपरेशन केलं. १८१६ मध्ये अशा दोन ऑपरेशनांवर त्याने पुस्तक छापलं. पुढे जर्मनीत, मग सगळीकडे ही रीत पसरली. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात 'इंडियन मेथड' म्हणून शिकवतात ती हीच.

आता या नोंदीचे रकाने भरून पाहा. पेशंट: कावसजी. पाहणारे: क्रूसो आणि फिंडले. (छापताना फिंडलेचं ट्रिंडले झालं, पण निदान काहीतरी झालं.) चित्रकार: वेल्स. पुढे लंडनमध्ये करणारा: कार्प्यू. आणि पुण्यात ज्याच्या हातात वस्तरा होता तो? पत्रात त्याच्याबद्दल इतकंच आहे की तो विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता. पुढच्या लेखकांनी त्याला कुंभार म्हटलं. नाव नाही.

क्रूसो आणि फिंडले यांना त्याचं नाव विचारणं अवघड नव्हतं. मेण किती जाडीचं, पट्ट्या किती, दिवस किती हे सगळं त्यांनी विचारलं. नावाची गरज वाटली नाही, एवढंच. आपल्याही लोकांनी ते कुठे लिहून ठेवलं नाही. पुणे दरबारात हिशेबाचे कागद काही कमी नव्हते. रोजच्या खर्चाच्या, इनामांच्या, फौजेच्या नोंदी बांधलेल्या रुमालांत आजही आहेत. पण वीटकऱ्याच्या हातातली विद्या कोणत्या दप्तरात मांडायची, हे कोणालाच माहीत नव्हतं. मला हा दोष गोऱ्या लोकांच्या एकट्याच्या माथी मारावासा वाटत नाही.

आमच्या मुसलमान वाचकांना या ठिकाणी लगेच झहरावी आठवेल, कारण उर्दू शाळांच्या पुस्तकांत आपण त्याच्याबद्दल वाचलेलं असतं. अंदलुसचा अबुल कासिम अल-झहरावी, इसवी सन १००० च्या सुमाराचा. त्याच्या 'अत-तसरीफ' या ग्रंथाचा तिसावा भाग सर्जरीवर आहे आणि त्यात हत्यारांची चित्रं आहेत. त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण अभिमानावर थांबलं की त्यातली खरी कामाची गोष्ट निसटते. त्या भागाच्या सुरुवातीलाच तो आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या चुका लिहितो. एका अडाणी वैद्याने एका बाईच्या मानेवरची गाठ कापताना धमन्या कापल्या आणि ती बाई त्याच्यासमोरच रक्त जाऊन मेली. दुसऱ्याने एका म्हाताऱ्याचा मूतखडा काढताना खड्याबरोबर मूत्राशयाचा तुकडाही ओढून काढला, आणि तो तीन दिवसांत गेला. झहरावीला त्या पेशंटसाठी आधी बोलावलं होतं. खड्याचा आकार आणि माणसाची अवस्था पाहूनच त्याला कळलं होतं की हा वाचणार नाही. हे सगळं तो शिकणाऱ्यांसाठी लिहितो.

त्याच्याही आधी अबू बक्र अर-राझी. त्याच्या दवाखान्याचं वर्णन इब्न नदीमच्या 'अल-फिहरिस्त'मध्ये आहे. राझी बसायचा, त्याच्यापुढे शागीर्द, त्यांच्यापुढे शागिर्दांचे शागीर्द. पेशंट आला की आधी सर्वात बाहेरच्यांना दाखवायचा. त्यांना कळलं नाही तर आतले, त्यांनाही नाही कळलं तर स्वतः राझी. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती हसत म्हणाली, "म्हणजे इंटर्न, मग जेआर वन, मग जेआर टू, मग सर. काहीच बदललं नाही की मामू." राझीच्या पेशंटांच्या शेकडो हकीकती त्याच्या शागिर्दांनी एकत्र केल्या. 'किताब अत-तजारिब' नावाने तो संग्रह आजही आहे. शिकणाऱ्याने नोंद ठेवायची, ही कल्पना तेव्हाचीच.

आपल्याकडे हे रीतसर कॉलेजच्या रूपात आलं ते मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा. शेजारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जेजे हॉस्पिटल. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांचा भर पुस्तकापेक्षा पेशंटच्या खाटेपाशी शिकवण्यावर होता. १८५१ च्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग होते. पण हॉस्पिटलातच राहून, वर्षानुवर्षं हळूहळू जबाबदारी वाढवत सर्जन तयार करायची पद्धत नंतरची. ती अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात विल्यम हाल्स्टेडने घडवली. ते हॉस्पिटल १८८९ मध्ये उघडलं. 'रेसिडेंट' हा शब्द तिथूनच आपल्या वॉर्डात आला.

त्याच देशात बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने नोंदीचा खरा झगडा केला. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवा, वर्षभराने त्याला परत तपासा, बरा झाला का ते लिहा आणि नसेल झाला तर का नाही तेही लिहा. चूक कोणाची तेसुद्धा. मोठ्या हॉस्पिटलातल्या सहकाऱ्यांना हे रुचलं नाही, आणि १९१४ मध्ये त्याने तिथला राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलात त्याने १९११ ते १९१६ या काळात ३३७ पेशंटांची नोंद ठेवली आणि त्यात १२३ चुका आपल्याच हाताने लिहून छापल्या. छपाईचा खर्चही त्यानेच केला. धंदा बसला. पण मला हा माणूस फार आवडतो. दहावीच्या पेपर तपासणीत आपली एक चूक मॉडरेटरने दाखवली तरी माझे कान लाल होतात, आणि या माणसाने १२३ छापल्या.

भारतात लॉगबुक नियमात पक्कं बसलं ते मेडिकल कौन्सिलच्या २००० सालच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत. एमएस करणाऱ्याने आपल्या कामाची नोंदवही ठेवायची, कोणत्या ऑपरेशनात मदत केली आणि कोणतं स्वतंत्रपणे केलं याचा तपशील द्यायचा आणि शिक्षकांनी ती तपासायची. कौन्सिल गेलं आणि नॅशनल मेडिकल कमिशन आलं. त्याच्या २०२३ च्या नियमांत ही वही कॉम्प्युटरवर गेली आणि दर आठवड्याला भरायची झाली. हेतू चांगला आहे. आठवड्याचं आठवड्याला लिहिलं तर आठवतं.

पण ज्याला छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर जेवायची शुद्ध नसते तो दर आठवड्याला काय भरणार? मग वर्षाच्या शेवटी तीन-चार जण एकत्र बसतात आणि एकमेकांचं पाहून भरतात. सगळ्यांच्या वहीत तीच ऑपरेशनं, त्याच तारखा, फक्त अक्षरं थोडी वरखाली. संख्या भरली पाहिजे, कारण परीक्षेच्या दिवशी वही परीक्षकासमोर असते. भाचीच्या एका सिनियरने तिला सांगितलं होतं की 'पाहिलं' फार लिहू नकोस, वाईट दिसतं. हे ऐकून मला आमच्या शाळेतल्या प्रात्यक्षिक वह्या आठवल्या. एका मुलाने केलेला प्रयोग चाळीस वह्यांत उतरतो आणि चाळीस जणांचं निरीक्षण दशांशापर्यंत सारखं येतं. मी स्वतः बीएडला असताना पाठ टाचणं अशीच पूर्ण केली होती, हे कबूल करतो. फरक इतकाच की माझ्या खोट्या टाचणाने कोणाचं रक्त गेलं नाही. सर्जन तीन वर्षांनंतर तालुक्याच्या गावी एकटा उभा राहतो. वहीत हर्निया वीस, हाताने केलेले चार, तर पाचव्याला टेबलावर झोपलेला माणूस आमच्या सातपुड्याच्या पायथ्याचा कोणीतरी असणार.

उलट बाजूही तितकीच खरी. आमच्या अब्बांचं हर्नियाचं ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी एका सरकारी हॉस्पिटलात झालं. ते कुठलं, ते इथे महत्त्वाचं नाही. डिस्चार्ज कार्डावर युनिटच्या प्रमुखांचं नाव होतं. अब्बांना मात्र तो मुलगा आठवत होता, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेला, जो ऑपरेशनच्या आदल्या रात्री आणि नंतरच्या दोन्ही रात्री खाटेपाशी आला, ज्याने ड्रेसिंग केलं, लघवी होत नव्हती तेव्हा पहाटे नळी घातली. अब्बांनी नर्सला विचारलं, माझं ऑपरेशन केलं कोणी? ती म्हणाली, सरांनी. अब्बा म्हणाले, सर तर राउंडलाच दिसले. ती काही बोलली नाही.

प्रमुखांचं नाव लिहिणं चूक नाही, हे मला कळतं. काही बिघडलं असतं तर जबाबदारी त्यांच्यावरच आली असती, आणि ती घेणारं कोणीतरी हवंच. पण जबाबदारीचं नाव आणि हाताचं नाव ही दोन नावं आहेत, आणि कार्डावर दोन्हींना जागा होती. अब्बा पुढे बारा वर्षं जगले. कधी त्या मुलाचा विषय निघाला की 'चष्मेवाला' म्हणायचे आणि त्याच्यासाठी दुआ करायचे. दुआला नाव लागत नाही, पण अब्बांना ते हवं होतं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी भाचीला हे सांगितलं. पुण्याच्या वीटकऱ्याची गोष्टही सांगितली. तिने कावसजीच्या चित्राचा फोटो मोबाइलवर शोधला आणि बराच वेळ मोठा करून पाहिला, कपाळावरच्या व्रणाकडे. "फ्लॅप मस्त बसलाय," एवढंच म्हणाली. मग वही उघडली. पित्ताशयाच्या ऑपरेशनासमोर तिने 'पाहिलं' लिहिलं. रात्री दोनच्या अपेंडिक्ससमोर 'देखरेखीखाली स्वतः केलं' लिहिलं आणि म्हणाली की सही घेताना सर विचारतील, तर सांगेन. सहा चिठ्ठ्या अशा निघाल्या की तिला काहीच आठवेना, आपण त्या दिवशी थिएटरमध्ये होतो की वॉर्डात. त्या सहा ओळी तिने कोऱ्या सोडल्या.

ती शेगावला गाडी पकडून परत गेली. आठवड्याने तिचा फोन आला. थिएटरचं जुनं रजिस्टर तिने काढून पाहिलं होतं. सहापैकी दोन ठिकाणी तिचं नाव सापडलं, तिसऱ्या सहाय्यकाच्या जागी. चार ठिकाणी नव्हतं.

"मग त्या चार ओळींचं काय केलंस?"

"आडवी रेघ मारली मामू. गाईड म्हणाले, वही घाण केलीस. पण सही केली."